नवरा गेला, सासू राहिली

गंगापूर रोडवरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधून महेश बाहेर पडला, तेव्हा त्याने दोन बॅगा, मिक्सर आणि टीव्ही नेला. आईलाही नेणार होता, पण बायडाबाई कॉटवरून उठल्याच नाहीत.

"पाथर्डी फाट्याला एका खोलीत मी काय करू? भांडण तुमचं झालंय, माझं नाय."

दीपमाला स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. घटस्फोटाचे फायदे-तोटे तिने मनात मांडले होते, त्यात सासूही जाईल हे फायद्याच्या बाजूला होतं.

दीपमाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. पहाटे स्कूटीवर निघायचं आणि घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे. पगार बत्तीस हजार, घराचा हप्ता साडेएकवीस हजार, आणि कर्ज दोघांच्या नावावर. महेशचं म्हणणं होतं, फ्लॅट विकू, कर्ज फेडू, उरेल ते निम्मं निम्मं. दीपमाला म्हणाली, "रोज दहा लोकांच्या घरात जाऊन मी सुया टोचते. परत यायला मला माझं घर हवं. हप्ता मी भरेन."

ती बँकेत गेली, तर बायडाबाईही मागे बसून आल्या. साहेबांनी पगाराची स्लिप बघितली आणि मान हलवली. एवढ्यावर एकटीच्या नावाने कर्ज होणार नव्हतं.

"घरात आणखी कोणी कमावतं?"

"मी हाय," बायडाबाई म्हणाल्या. "मखमलाबादला पंधरा गुंठे झेंडू हाय माझ्या नावावर."

"वय?"

"त्रेसष्ट."

"तुमचं यांच्याशी नातं काय?"

"सासू."

"म्हणजे यांच्या मिस्टरांच्या आई?"

"ज्याचं नाव काढायचंय ना, त्याची."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पाणी प्यायले. मग समजुतीने म्हणाले, या वयात कर्जात नाव घेता येत नाही. त्यापेक्षा एखादी खोली भाड्याने द्या, रीतसर करार करा आणि सहा महिन्यांच्या भाड्याच्या नोंदी खात्यात दाखवा. मग बघू.

मोठ्या बेडरूममध्ये नांदगावच्या दोन मुली आल्या. निकिता आणि तिची चुलतबहीण, दोघी इंजिनिअरिंगला. जेवणासह तेरा हजार ठरले. दीपमाला आणि बायडाबाई छोट्या खोलीत एका पलंगावर आल्या. एकीला पंखा पाचवर हवा, दुसरीला दोनवर. पहिले आठ दिवस पंखा तीनवर होता आणि दोघी जाग्या होत्या.

स्वयंपाक बायडाबाईंकडे आला. ठेच्यात मिरची किती घालायची, यावर त्यांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं. मुली पहिल्या आठवड्यात रडत जेवल्या आणि महिन्याभराने सुट्टीत गावी जाताना ठेचा बांधून घेऊन गेल्या.

चौथ्या महिन्यात एका रविवारी महेश आला. सवयीने स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत शिरला. समोर निकिता डोक्याला टॉवेल गुंडाळून उभी.

"कोण तुम्ही?"

"हे माझं घर आहे. म्हणजे, अर्धं माझं आहे."

"कुठलं अर्धं?" निकिताने अगदी मनापासून विचारलं. आपली खोली त्यात येते का, याची तिला काळजी होती.

बायडाबाईंनी आधी किल्ली काढून घेतली, मग ताट वाढलं. जेवता जेवता महेशने सांगितलं, त्याला गाडी घ्यायची होती, पण घराचं कर्ज नावावर असल्यामुळे बँक नवीन कर्ज देत नव्हती.

"मी नाव काढून देतो," तो दीपमालाला म्हणाला. "पण डाऊन पेमेंटमधला माझा वाटा दे."

"डाऊन पेमेंट कशातून केलंतं रे?" बायडाबाईंनी विचारलं.

महेश भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"माझ्या पाटल्या मोडून. तो वाटा माझा हाय, आन् तो मी याच घरात ठेवणार."

"आणि मी भरलेले हप्ते?"

"ते तुझेच," दीपमाला म्हणाली. "हिशोब काढलाय मी. साडेचार लाख होतात. वर्षाला दीड लाख देईन. लिहून देते."

महेशने दुसरी भाकरी मागितली, त्यावरून दोघींना कळलं की ठरलं.

सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या आणि कर्ज दीपमालाच्या एकटीच्या नावावर झालं. हक्कसोडपत्र करायला तिघं निबंधक कार्यालयात गेले. बायडाबाई साक्षीदार. दीपमालाचा अंगठा यंत्रावर नीट उमटेना, कारकुनाने तो तीन वेळा पुसून घेतला. लोकांच्या शिरा पहिल्या प्रयत्नात शोधणारी बाई ती. बाहेर आल्यावर महेश म्हणाला, "चला, सुटलो," आणि सरळ गाडीच्या शोरूमकडे गेला.

परतताना बायडाबाई स्कूटीवर मागे बसल्या होत्या. सिग्नलला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "पोरगा वाईट नाय माझा. पण त्याच्यासंगं राहणं लय अवघड हाय."

"हे तेरा वर्षांनी सांगताय, आई?"

"तू कधी विचारलंच नाय."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी दीपमालाला हसू आवरेना, आणि गाडी काही पुढे जाईना.