नऊशे मैलांची गाडी आणि वसंता मानकर

परळच्या इस्पितळात वसंता मानकरला मी शेवटचा भेटलो, तेव्हा एक तरुण डॉक्टर त्याला धीर देत होता. "आजोबा, ऐंशी वर्षांत एकदाही इस्पितळाची पायरी चढला नाहीत. म्हणजे मशीन नवंकोरं आहे तुमचं!" वसंताने डोळे न उघडताच उत्तर दिलं, "डॉक्टर, मीटर बघून बोलू नका. बॉनेट उघडा." चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. वसंताचा अंदाज नेहमीसारखा बरोबर निघाला होता... हा एकच चुकला असता तरी चाललं असतं.

अंदाज हा त्याचा धंदाच होता. एका विमा कंपनीसाठी तो जुन्या मोटारींची किंमत ठरवी. त्यातही इंग्रज साहेब आणि संस्थानिक मागे ठेवून गेलेल्या दोन माणसांच्या बुटक्या, वेगवान गाड्या आल्या की कंपनी त्यालाच पाठवी. गिरगावातल्या आमच्या वाडीत सायकलसुद्धा मोजक्यांकडे होती, त्यामुळे असल्या गाडीखाली रोज झोपणारा माणूस म्हणून त्याला मान होता. मालक सांगतील ते तो ऐकून घेई आणि मग क्लचच्या पायपट्टीचं रबर अंगठ्याने दाबून बघे. "मीटर मागे फिरवता येतो," तो म्हणे, "रबर कोण मागे फिरवणार?"

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. आमच्या वाडीची एक छोटी समिती होती आणि अक्षर बरं म्हणून मी तिचा चिटणीस होतो. शिवाजी पार्कजवळ बंगला असलेल्या एका रावसाहेबांनी त्यांची लाल टू-सीटर समितीच्या निधीला देणगी म्हणून जाहीर केली. इंग्रज गेले तरी या गृहस्थांनी पदवी सोडली नव्हती. गाडी मात्र सोडली. भाषण पाऊण तास झालं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य एवढंच, की बारा वर्षांत गाडी अवघी नऊशे मैल चालली आहे. मी त्याच संध्याकाळी पत्रक काढलं: 'जवळजवळ कोरी गाडी, अपेक्षित किंमत पाच हजार.' पाच हजार हा आकडा मी कुठून आणला हे मला आजही सांगता येणार नाही. पण तो छापला होता आणि छापलेल्या आकड्यावर माणसांचा विश्वास बसतो. माझाही बसला.

किंमत लेखी हवी म्हणून रविवारी मी वसंताला बंगल्यावर नेलं. त्याने पायपट्टी दाबली. "नऊशे मैल खरे आहेत," तो म्हणाला. रावसाहेब फुलले. मग वसंताने टाकीचं झाकण काढून हुंगलं. आत पेट्रोल होतं, पण वास वॉर्निशचा येत होता. टायरांना बाजूने भेगा गेल्या होत्या. सीटखाली उंदरांचा प्रशस्त संसार निघाला. इंजिन हाताने फिरवायला गेला, तर ते जागचं हललं नाही.

"दीड हजार," वसंता म्हणाला.

"अहो, मी स्वतः कधी बसलोसुद्धा नाही तीत!" रावसाहेब गरजले.

"तेच म्हणतोय मी, रावसाहेब. उभी राहून राहून मेली बिचारी."

परतताना ट्रामच्या थांब्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो. लोक मला खोटारडा म्हणणार होते, रावसाहेब देणगी मागे घेणार होते. "एक कागद तर लिहायचा होता! वसंता, तू आहेस तरी कुणाच्या बाजूचा?"

"महाराष्ट्राच्या. पण त्या गाडीतल्या वॉशरांना ते माहीत नाही ना रे."

मी त्याला गद्दार म्हणालो. वाडीत तो शब्द माझ्याआधी पोचला असावा, कारण दुसऱ्या दिवशी पानवाल्यानेसुद्धा त्याला पान लावून दिलं नाही. दोन दिवसांनी वसंता समितीच्या बैठकीत आला आणि उभ्यानेच म्हणाला, "मी दीड हजाराचे पाच लिहिणार नाही. पण दीड महिना गाडी मला द्या. ती चालवायची आहे."

"चालवायची? मीटर वाढेल!" अर्धी समिती ओरडली. त्यात मीही होतो.

"वाढू दे. भाव तोच वाढवेल."

त्याने रजा काढली. लालबागच्या एका मिस्त्रीकडे इंजिन उघडलं, टाकी धुतली, सुकलेली रबरं बदलली. आणि मग ती राजेशाही गाडी आमची पत्रकं वाटत हिंडू लागली! परळला गिरणीच्या फाटकावर, घोडपदेवच्या चाळींत, दादरला. शेजारच्या सीटवर गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर मी. पहिल्या आठवड्यात ती चारदा बंद पडली. घोडपदेवला तिला ढकलणारे कामगार विचारत, "काय मास्तर, महाराष्ट्र असाच ढकलत आणणार काय?" तिसऱ्या आठवड्यात ती एका हाकेत सुरू होऊ लागली. दीड महिन्यानंतर मीटर दोन हजारांच्या पुढे गेला होता. ग्रँट रोडचे एक पारशी सॉलिसिटर आले, चौपाटीपर्यंत फेरी मारून आले आणि चार हजार मोजून गाडी घेऊन गेले. माझ्या पत्रकापेक्षा हजार कमीच. अहवालात मी 'समाधानकारक' असं लिहिलं.

सत्कार रावसाहेबांचा झाला. वसंता मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता, नखांत काळं ग्रीस. पान पुन्हा मिळू लागलं, सगळे विसरले. 'गद्दार' हा शब्द मी मात्र कधी परत घेतला नाही. दर वर्षी वाटायचं, सावकाश बोलू, चांगला प्रसंग बघून बोलू... माफीचा शब्द मी जपून ठेवला आणि तो तसाच राहिला.

तेराव्यानंतर वसंताच्या बायकोला, मालतीवहिनींना, भेटायला गेलो. त्यांनी चहा आणला, तो सोनेरी कडेच्या, पातळ चिनी मातीच्या कपात. लग्नात मामांनी दिलेला विलायती सेट. कपाचा कान तुटलेला होता. "जपून हं भाऊजी, गरम आहे," वहिनी म्हणाल्या. "बारातले तीन उरलेत. रोजच्या चहालाच हेच लागायचे ह्यांना." मी दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यालो. वहिनींना 'गद्दार' हा शब्द आणि माझी चूक, दोन्ही सांगितलं. त्या हसल्या. "ते होय? अहो, घोडपदेवला तुम्ही गठ्ठ्यावरून पडलात ते सांगून हे शेवटपर्यंत हसायचे. त्या शब्दाचं तर कधी बोललेच नाहीत."

आमच्याकडेही असाच एक सेट आहे. बाराच्या बारा कप, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. घरी आल्यावर मी हिच्याकडे किल्ली मागितली.

"का? कोण येणार आहे?" हिने विचारलं.

"कुणी नाही," म्हटलं. "आपणच."