मोरी-सानच्या पणजीचं सासर

नागोयाहून सकाळची गाडी सुटली तेव्हा मोरी-सान छत्री मांडीवर धरून बसल्या होत्या आणि माझ्या अंगात वारं शिरलं होतं.

मोरी-सान नागोयात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय चौऱ्याहत्तर, लग्न केलेलं नाही. चुकीच्या दिवशी ठेवलेली कचऱ्याची पिशवी त्यांनी कमरेत वाकून मला परत आणून दिली, तिथून आमची ओळख. त्यांच्या पणजीचं, कियोचं, थडगं डोंगरातल्या दोनपैकी एका गावात होतं. तिथली देवळं बेवारस थडगी हलवणार होती आणि हक्क सांगायचा आज शेवटचा दिवस. मोरी-सानना आपल्या अस्थी त्याच दगडाखाली ठेवायच्या होत्या. दुसरी जागा त्यांना नव्हती.

आता मी लग्नाआधी साताऱ्याला तलाठ्याच्या हाताखाली तीन वर्षं सातबारे आणि फेरफार लिहिलेली बाई. मला कागद कोण शिकवणार? तिथल्या याकुबात (सरकारी कचेरीत) कारकुनाने कोसेकी (कुटुंबाची नोंदवही) उघडून सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद वाचली. नवरा तोमेकिची वरच्या गावचा, कियो खालच्या गावची.

"झालं," मी म्हणाले. "नवऱ्याचं गाव ते बायकोचं गाव. वर चला."

कारकून काही सांगू पाहत होता. मी त्याला हातानेच थांबवलं. मोरी-सान "सो देसु ने" (असं होय) म्हणाल्या, नोंदीची नक्कल पिशवीत घातली आणि छत्री उचलली.

बसने तासभर घाट चढून वरच्या देवळामागचे सगळे दगड पाहिले. मोरी हे आडनाव तीन झाडांच्या अक्षराने लिहितात, तेवढं मला ओळखता येतं. एकही मोरी नव्हता. शेजारच्या म्हातारबुवांनी कीव येऊन गोहेइमोची (भाताच्या वड्या, अक्रोड-मिसो चोपडून निखाऱ्यावर भाजलेल्या) दिल्या. मी निर्लज्जपणे दुसरी मागितली. मग त्यांनी ती नक्कल डोळ्यांजवळ धरली.

"हा तर मुको होऊन गेला. सासऱ्याच्या घरी राहिला, त्यांचंच आडनाव लावलं. मोरी खालच्या गावचे."

म्हणजे घरजावई! आमचा एक चुलतमामा सासरी राहतो म्हणून तीस वर्षं प्रत्येक लग्नात टोमणे खातोय, आणि इथे तेच राजरोस सरकारी वहीत. मी शरमेने अर्धी झाले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी मोरी-सानना विचारलं.

"शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"कदम-सान, तुम्ही इतक्या खात्रीने निघाला होतात. अडवणं बरं वाटेना."

हसावं की रडावं कळेना. देऊळ चारला बंद होणार, आणि बस पाचची. शेवटी म्हातारबुवांनी आपला छोटा ट्रक काढला. मोरी-सान पुढे, मी मागे कोबीच्या खोक्यांत.

चारला दहा कमी असताना पोचलो. खालच्या पुजाऱ्यांनी गावच्या जमिनीची जुनी वही काढली. भाताचं एक खाचर कियोच्या वडिलांकडून तोमेकिची मोरीच्या नावावर आलं होतं. लग्नाची नोंद त्याला बरोबर जुळली आणि हलवायच्या यादीतून मोरींचा दगड खोडला गेला.

मोरी-साननी तो दगड धुतला, पुन्हा धुतला. "उशीर झाला, माफ करा," त्या पणजीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "जागा आहे," म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले.

परतीच्या गाडीत त्या गाढ झोपल्या. माझा काही डोळा लागेना. कियो जन्मली त्याच घराच्या दगडाखाली विसावली होती. साताऱ्यात हक्क सोडलेल्या बहिणींची नावं सातबाऱ्यावर कंसात घालतात, म्हणजे ती रद्द. तीन वर्षं मीच ते कंस घातले, कधी हात अडखळला नाही. भावाने हक्कसोडीचा कागद पुढे केला तेव्हाही मी हसत सही केली होती. उद्या माझी कुणी पणती मला शोधत आमच्या गावी गेली, तर मी तिला कंसात सापडेन.