गुलाबी लिपस्टिक
लिपस्टिकचा गोडसर वास आला की घाटकोपरचा तो जळीत वॉर्ड आठवतो. उकळता चहा सांडून माझ्या दोन वर्षांच्या लेकीचा गाल भाजला होता. सिस्टरने दारातच बजावलं होतं, ओठावर फोड असेल तर आत यायचं नाही. "मला काही नाही गं," म्हणत माझी ताई लेकीपाशी बसली आणि मी औषधं आणायला खाली गेले. पुढच्या आठवड्यात भरत आलेल्या जखमेवर नवे फोड उठले, त्यात पू झाला, ताप उतरेना. "हा ओठावरच्या फोडाचा संसर्ग आहे. पापी कुणी घेतली?" डॉक्टरांनी विचारलं. "आईशिवाय कोण घेणार?" ताई म्हणाली आणि रडत पदराने तोंड पुसलं. लिपस्टिक पदराला लागली, ओठावरची खपली उघडी पडली. लेक आता शाळेत जाते. मावशी आली की धावत जाऊन तोच गाल पुढे करते, आणि मी मधे हात धरते.