प्रोग्रॅम बंद करू नये

मी स्वतःला फार हुशार समजतो. भंडाऱ्यात दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून प्रोग्रॅम लिहायचे आणि ते वापरणाऱ्यांवर फोनवरून खेकसायचं, हे माझं काम. आजवर कितीजणांवर खेकसलो ते आठवत नाही. एकोडीच्या ताईंवर खेकसलो, ते मात्र विसरता येत नाही.

तुमसरच्या एका राइस मिलवाल्याची पाच धान खरेदी केंद्रं होती. त्यांचा प्रोग्रॅम मी केला होता. काट्यावर धान मोजलं की ऑपरेटरने नोंद भरायची, बटण दाबायचं. हिरवी टिक आली म्हणजे नोंद आमच्या सर्व्हरवर पोचली, आणि मग शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जायचा. एकोडीच्या केंद्रावर ताई होत्या. साकोलीला जाऊन कॉम्प्युटर शिकलेल्या. त्या केंद्रावर खुर्चीत बसून काम करणाऱ्या पहिल्याच बाई.

प्रोग्रॅम सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात रोज सकाळी फोन यायचे, "सर, चालू नाही होऊन राहिलं." मला वैताग आला. मी पाचही केंद्रांवर एकेक कागद चिकटवून आलो : 'हा प्रोग्रॅम कधीही बंद करू नये.' खाली माझी सही. बाकीच्या चौघांनी त्या कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, संध्याकाळ झाली की मशीन बंद करून घरी जात राहिले. ताईंनी तो पाळला. लाइट गेली की त्या इन्व्हर्टरवरचा पंखा बंद करायच्या, मशीन चालू राहावं म्हणून.

ऐन हंगामात एका रविवारी आम्ही सर्व्हर बदलला. नाव तेच, जागा नवी. जुना पंधरा दिवस तसाच चालू ठेवला, काही राहिलं असेल तर असावा म्हणून; शेतकऱ्यांचे मेसेज मात्र आता नव्यावरूनच जाणार होते. सोमवारपासून चार केंद्रांच्या नोंदी नव्या सर्व्हरवर दिसू लागल्या, एकोडीचं पान कोरं. तिकडे धान घालून गेलेल्यांना मेसेज येईना. ते परत काट्यापाशी येऊन ताईंच्या नावाने बोंबलू लागले.

बुधवारी मालक स्वतः एकोडीला गेले. ताईंना जवळ उभं करून त्यांनी मला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"मी त रोज भरून राहिली सर," ताई म्हणाल्या. "हिरवी टिक येते."

"टिक आली असती तर इथे दिसलं असतं," मी म्हणालो. "चार ठिकाणी बरोबर चालतं, तुमच्याकडेच नाही. म्हणजे प्रोग्रॅम खोटा आणि तुम्ही खऱ्या?"

पलीकडे कुणीतरी हसलं. मला ते बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या खुर्चीत मालकाचा साळा बसला. त्याने आल्या आल्या मशीन बंद करून चालू केलं, आणि एकोडीच्या नोंदी दिसू लागल्या. मालक मला म्हणाले, "पाहा, माणूस बदलला त काम झालं." ताईंना बारदाना, म्हणजे धानाची पोती, शिवायला बसवलं.

जुना सर्व्हर बंद करण्याआधी मी त्यात एकदा डोकावलो. ताईंच्या तिन्ही दिवसांच्या नोंदी तिथे होत्या. नाव, गाव, वजन, वेळ. एकही सुटलेली नव्हती.

कारण शोधायला एक दुपार पुरली. सर्व्हरला आपण नावाने ओळखतो, पण तिथे पोचायला आकड्यांचा पत्ता लागतो. प्रोग्रॅम आधी नाव सांगून तो पत्ता विचारून घेतो. मी ज्या भाषेत लिहायचो तिच्या त्या आवृत्तीत, सुरक्षेची एक सोय चालू असेल तर एकदा मिळालेला पत्ता प्रोग्रॅम बंद होईपर्यंत पुन्हा विचारलाच जात नाही. ही तिची मूळची सेटिंग. बदलायला एक ओळ लागते. ती सोय मीच चालू केली होती आणि ती ओळ लिहिली नव्हती, कारण त्याबद्दलचं पान मी कधी वाचलंच नव्हतं. ज्यांनी माझं ऐकलं नाही त्यांची मशीनं रोज सकाळी पत्ता नव्याने विचारत होती. जिने ऐकलं, तिच्या नोंदी जुन्या पत्त्यावर जात राहिल्या, आणि जुना सर्व्हर चालूच असल्याने हिरवी टिकही येत राहिली.

मग मी काय केलं? ती ओळ लिहिली, नोंदी नव्या सर्व्हरवर आणल्या, राहिलेले मेसेज पाठवले आणि मालकांना सांगितलं, "सर्व्हर बदलताना थोडं इकडचं तिकडे झालं होतं, आता ठीक आहे." ते म्हणाले, "बरं." ताईंचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

पुढच्या हंगामात प्रिंटर बसवायला एकोडीला जावं लागलं. ताई शेडमध्ये पोत्यांची तोंडं शिवत होत्या. माझ्यासाठी चहा त्यांनीच आणला. मी घाईघाईने प्यायलो, लवकर निघावं म्हणून.

"सर, माह्याकडून काय चुकलं होतं, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "मले अजून समजलं नाही."

मी सांगितलं. कुणाला तरी पहिल्यांदाच, सगळं, त्या कागदासकट. त्यांनी सुई पोत्यात खोचून ठेवली.

"म्हणजे मी बंद केलं असतं त काही झालं नसतं?"

"नसतं."

त्यांनी खोचलेली सुई उपसून हातात घेतली. मग म्हणाल्या, "गावात अजून चिडवतात मले, टिक आली, टिक आली म्हणून. मले खुर्ची नोको सर. त्या दिवशी स्पीकरवर बोलले होते ना सगळ्यांपुढं, तसंच एकदा सांगून द्या."

"सांगतो," मी म्हणालो. मालक त्या दिवशी तुमसरला होते. म्हटलं, उद्या फोन करतो.

त्याला दोन हंगाम झाले. मालकांचे फोन येतात. मी प्रिंटरचं बोलतो, काट्याच्या केबलचं बोलतो. शेवटी ते विचारतात, "अजून काही?" मी म्हणतो, "नाही."