पाहुण्यांना चुलीवरचंच हवं होतं

ताडकळसच्या सरजाबाईला बसून खाणाऱ्या पुरुषांचा तिटकारा होता आणि उभं राहून बोलणाऱ्यांचा त्याहून जास्त. एकुलत्या पोरात दोन्ही उतरलं, हे तिचं नशीब.

पोरगा सिद्धोधन पुण्यात बँकेत साहेब. नाताळची सुट्टी लागली की बायको सुकेशनी आणि पोरीला घेऊन तो गावाकडे यायचा. यायचा म्हणजे अंगणात गाडी लावून खाटेवर आडवा व्हायचा. सरजाबाई सत्तरीला टेकलेली, नवरा दत्तराव जाऊन बरीच वर्षं झालेली. सकाळी शेळ्यांचं करायचं आणि मग दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायचं, हा तिचा दिवस. आई मजुरीला जाते याची पोराला लाज वाटायची. तिच्याकडून बसल्या जागी ताट घ्यायची मात्र कधी वाटली नाही.

मागल्या नाताळात त्यानं पुण्याचे दोन मित्र, त्यांच्या बायका-पोरं असा लवाजमाच आणला. हुरडा खायचा म्हणे. सुकेशनीनं प्लास्टिकचं झाड आणून ओसरीवर उभं केलं, त्याला दिवे लावले. सरजाबाईनं ते खालून वर पाहिलं आणि शेळीनं खाल्लं तर शेळी मरेल का, एवढंच विचारलं. सगळे हसले. मग तिच्या डोक्यावर लाल टोपी चढवून फोटो काढले. ती गुमान बसली. पाहुण्यांसमोर सुनेला तोडून बोलू नये एवढी रीत तिच्याकडे होती, त्या पुणेकरांकडे तेवढीही नव्हती.

घरात गॅस होता. सिद्धोधननंच घेऊन दिलेला आणि चार लोकांत सांगून झालेला. पण पाहुण्यांना चुलीवरचंच हवं होतं. दिवाळीनंतर परभणीला सरजाबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरनं धुरापासून जपायला बजावलं होतं. पोराला हे माहीत होतं, फोनवर त्यानंही आईला हाच उपदेश केला होता. तरी आल्या दिवसापासून ती धुरात बसून भाकरी थापत होती आणि अशी चव पुण्यात मिळत नाही, असं पाहुणे बोटं चाटत सांगत होते. एका बाईनं तिचा भाकरी थापतानाचा व्हिडिओ काढला. परातीला हात मात्र कुणी लावला नाही.

पंचवीस डिसेंबरला विहारात मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम असतो. समितीचा अध्यक्ष पंडित सकाळीच येऊन सिद्धोधनला प्रमुख पाहुणा करून गेला. मोठी गाडी दिसली की पंडितला आत विचारवंत बसलेला दिसायचा. विषय होता स्त्रीमुक्ती.

सिद्धोधननं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. सरजाबाईनंही पेटीतलं पांढरं लुगडं काढलं, दरवर्षी या दिवशी ती विहारात पुढच्या रांगेत बसायची. तर पोरगा म्हणाला, "माय, तू थांब घरी. कार्यक्रम सुटला की सगळे इथंच जेवायला येणार, पंडितरावही. भाकरी गरम पाहिजेत."

तिनं लुगडं घडी करून पेटीवर ठेवलं. सगळे गेल्यावर पीठ मळायला बसली. विहाराचा कर्णा तिच्या घरापर्यंत ऐकू यायचा. पहिली भाकरी तव्यावर पडली आणि कर्ण्यातून पोराचा आवाज आला. माझ्या आईनं जन्मभर चुलीचा धूर सोसला, तो सांगत होता, यापुढं कुठल्याही आईच्या डोळ्यात धूर जाता कामा नये. टाळ्या पडल्या.

सरजाबाईनं भाकरी तव्यावरच राहू दिली. लाकडं बाहेर ओढून चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, हात धुतले, लुगडं नेसली आणि दाराला कडी घालून विहारात गेली. बायकांनी सरकून तिला पुढं जागा केली. तिला पाहून सिद्धोधनचं वाक्य अर्ध्यावर अडकलं. मग शिक्षणाबद्दल काहीबाही बोलून त्यानं भाषण आटोपलं.

घरी आल्यावर ओली चूल आणि करपलेली भाकरी सगळ्यांनी पाहिली. पाहुण्यांची पोरं भुकेनं किरकिरू लागली. सिद्धोधननं आईला आत नेऊन दबक्या आवाजात विचारलं, लोकांत माझी काय इज्जत राहिली?

"तूच म्हनलास की माईकमधी, धूर नको," सरजाबाई म्हणाली. "मी ऐकलं. गॅस हाय, बायको हाय, तू हायस. करा."

पंडितनं पोट बिघडल्याचं सांगून घर गाठलं. सुकेशनीनं भांडी आपटत खिचडी टाकली. स्त्रीमुक्तीच्या वक्त्यानं जन्मात पहिल्यांदा कांदा चिरला, तोही सालासकट. पाहुणे जेवले, चवीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सरजाबाई पोटभर जेवली आणि मीठ कमी आहे, एवढं सांगितलं. संध्याकाळपर्यंत साऱ्यांनाच पुण्यात तातडीची कामं आठवली. निघताना तिनं नातीला जवळ घेतलं. पोरगा पाया पडला तेव्हा ती दुसरीकडेच बघत होती.

शेजारच्या चांगुणाबाईनं नंतर तिला समजावलं, एकच लेकरू आहे, तुटून जाईल.

"तुटायला आधी जोडलेलं असावं लागतंय," सरजाबाई म्हणाली.

यंदाच्या नाताळात सिद्धोधन बायको-पोरीला घेऊन गोव्याला गेला. फोनवर ते सांगून तो आईच्या रडण्याची वाट बघत थोडा थांबला. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तूर सोंगायला आली होती, रानात जाणाऱ्या बायका दारात उभ्या होत्या.