पंच म्हणून एक सही

आमच्या ऑफिसात नोटीस लावायची एक रीत होती. बाहेरच्या फलकावर कागद चिकटवायचा, मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि कागद काढून फाइलला लावायचा. मग दोन पंचांच्या सह्या. नोटीस सात दिवस फलकावर राहिली पाहिजे, हा नियम मला तोंडपाठ. पण फलक हातभर, त्यावर आधीच दहा कागद, काचेवर खाणीतल्या कोळशाची धूळ. आणि वरून विचारणा व्हायची ती फोटोची. कागद कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. वीस वर्षं मी हेच केलं. खरं सांगते, शेवटी त्याचा कंटाळासुद्धा येईनासा झाला.

त्या दुपारी आमच्या ऑफिसाखालच्या आश्रमशाळांच्या बाकांसाठी दरपत्रकं मागवायची नोटीस होती. आमचा शिपाई एक पंच झाला. दुसरा कुठून आणू? बाहेर चिटपाखरू नाही. तेवढ्यात भद्रावतीचे सुतारचाचा एका जुन्या दुरुस्तीचा कागद द्यायला आले. शाळांचे बाक वर्षानुवर्षं तेच करत. पलंग-कपाटं आता लोक दुकानातून तयार आणतात, त्यामुळे चाचांचा कारखाना आमच्या त्या एका कामावरच तग धरून होता.

"चाचा, इथी एक सही मारा ना."

"कायची हाय, बाई?"

"काई नाई हो, नोटीस लावल्याची. पंच लागते."

"तुमी म्हंता तं मारतो." चष्मा घरी राहिला होता त्यांचा. सही केली आणि बस सुटेल म्हणून लगबगीनं गेले. चाचा, ही तुमच्याच कामाची नोटीस आहे, एवढं सांगायला काय झालं होतं मला? शपथेवर सांगते, डोक्यातच आलं नाही. मला पंच हवा होता, तो मिळाला.

महिन्याभरानं ते आले. "यंदा बाकाइचं काऊन काई निघालं नाई, बाई?"

काम दुसऱ्याला देऊनही झालं होतं. ऐकून ते मटकन बाकावर बसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी तक्रार दिली: नोटीस लावलीच नाही, काम पुन्हा काढा.

साहेबांनी दोघांनाही बोलावलं आणि फाइल उघडली. "ही सही तुमचीच ना? मग नोटीस लागली नाही असं कसं म्हणता?"

चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. सांगून टाका चाचा, असं मला वाटत होतं, आणि अरे देवा, नका सांगू, असंही. माझ्या नोकरीची चार वर्षं उरली होती. 'कसली नोटीस ते न सांगता बाईनं सही घेतली' एवढं ते बोलले असते तर काम पुन्हा निघालं असतं आणि माझ्यावर चौकशी बसली असती. इतकी वर्षं ऑफिसात येणाऱ्या माणसाला हे न कळायला काय झालं?

"सही माहीच हाय, साहेब," ते म्हणाले. "वाचूनच केली होती. बुढापा हाय, विसरलो."

तक्रार मागे घेतो, असं लिहून द्यायचं होतं. चाचांना मराठी लिहायला वेळ लागतो, म्हणून साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता.