मिस्त्रीसाहेबांची सही

आमचे मिस्त्रीसाहेब एसटीत रिकाम्या खोक्याचं लगेज भरायचे. खोकं म्हणजे लाकडी पट्ट्यांना बिजागऱ्या लावून केलेला सांगाडा. मिटला की काठ्यांचा भारा, उघडला की सीटी स्कॅन मशीनच्या सगळ्यात मोठ्या भागाएवढा. स्वारगेटला कंडक्टरनं विचारलं, यात काय असतं? साहेब म्हणाले, "काही नाही." मग कशाला नेताय, असं त्यानं विचारल्यावर म्हणाले, "हे काही नाही तरी दारातून आत जातंय का, ते बघायला." कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. नोकरीतला माझा तो दुसराच आठवडा. पुण्यात मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं, तरी कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

आमच्या ऑफिसचं काम सांगायला सोपं. सरकारी दवाखान्यांत तपासणीची मोठी मशीनं बसवायला दिल्लीहून पैसे मंजूर होतात. मशीन निघण्याआधी आमच्यापैकी कुणीतरी तालुक्याला जाऊन खोली बघायची आणि 'जागा तयार आहे' अशी सही करायची. अलीकडे ही सही पोर्टलवर होते. एक टिक केली की झालं. पुष्कळजण फोनवर चौकशी करून, मोबाईलवर फोटो मागवून ती करत. साहेब सांगाडा घेऊन जात.

ते मिस्त्री नव्हते, चांगले इंजिनिअर होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, मुसलमान, राहायला खडकीला. वडील तिथल्या कारखान्यात सुतार होते आणि आयुष्यभर त्यांनी माल भरायची खोकी केली. मुलानं सांगाडा करून आणल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी चेष्टेनं 'मिस्त्री' म्हटलं आणि साहेबांनी ते नाव खुशाल घेतलं. खरं नाव मग हजेरीपुरतंच उरलं.

दवाखान्यात गेल्यावर ते खोलीकडे बघायचेही नाहीत. ट्रक जिथे थांबेल तिथे, फाटकापाशी, सांगाडा उघडायचे. दोन वॉर्डबॉय तो उचलून खोलीपर्यंत न्यायचे आणि साहेब मागून चालायचे, लग्नाच्या वरातीत मुलीचा बाप चालतो तसे गंभीर चेहऱ्यानं. डॉक्टर लोकांना वाटायचं, दार मोठं केलं की भागलं. साहेबांचं लक्ष वळणांवर असे. वळणावर खोकं किती जागा मागतं हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नीट दिलेलं नाही असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी मार्केट यार्डातल्या एका म्हाताऱ्या हमालाकडून शिकून घेतलं होतं. दिवाळीला त्या हमालाच्या घरी ते न चुकता मिठाई घेऊन जात आणि तो आपला प्रोफेसर आहे असं सांगत.

मी नागपूरकडची. आमच्याकडे माणसं शिव्यासुद्धा मोकळेपणानं देतात. पुण्यातलं हे 'आपण' म्हणत चिमटे काढणं सुरुवातीला मला फार लागायचं. एका दवाखान्यानं मशीन यायच्या आधीच 'केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने' अशी पितळी पाटी करून घेतली होती. सांगाडा वळणावर अडकला. साहेबांनी पाटीकडे बघितलं आणि तिथल्या डॉक्टरांना म्हणाले, "पाटी मात्र अगदी व्यवस्थित आत आली. अभिनंदन." मला वाटलं, हा माणूस किती दुष्ट आहे. परत येताना एसटीत ते त्याच डॉक्टरांसाठी नव्या खोलीचा नकाशा काढत बसले होते.

त्यांचं एक वाक्य ऑफिसात पाठ झालं होतं, "आहे म्हटलं की संपलं." 'जागा तयार नाही' असं लिहिलं तर लोक चिडतात, आमदार फोन करतात, मार्च संपल्यावर पैसे परत जातात, पण पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतं. 'आहे' असं लिहिलं की मागायचा हक्कच गेला. मला हे बोलणं जुन्या माणसाचा हेका वाटायचं.

सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्याला साहेबांनी दोनदा 'नाही' लिहिलं होतं. इमारतीच्या आतल्या बोळातलं वळण वीतभर कमी पडत होतं. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये साहेब मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. त्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंचा मला फोन आला. त्यांच्या हायवेवर रोज अपघात. आदल्याच आठवड्यात मोटारसायकलवरून पडलेल्या एका पोराला डोक्याच्या तपासणीसाठी सोलापूरला पाठवावं लागलं आणि तो वाटेतच गेला. त्या म्हणाल्या की मशीन येऊ दे, भिंत मी पंधरा दिवसांत पाडते, शब्द देते. मला ते पोर दिसत राहिलं. मी टिक केली.

मशीन मे महिन्यात पोचलं. भिंत पडली नाही, कारण वरचा अख्खा मजला तिच्यावर उभा होता. मशीनची खोकी अँब्युलन्सच्या शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली राहिली. पेशंट सोलापूरला जातच राहिले. डॉक्टरबाईंनी नव्या खोलीसाठी पैसे मागितले तर वरून एका ओळीचं उत्तर आलं. आपल्याकडील जागा तयार असल्याचे यापूर्वीच प्रमाणित झाले आहे.

तोवर साहेब परत आले होते आणि मी त्यांच्यापासून सगळं लपवलं होतं. ते उत्तर आल्यावर कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. नव्या चष्म्यातून त्यांनी तो दोनदा वाचला. मला रडू आलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. चहा झाल्यावर म्हणाले की आता एक पत्र लिहा, जागा तयार नव्हती आणि मी न बघता सही केली. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. घरी दर महिन्याला पैसे पाठवावे लागत होते. मी म्हटलं, थोडं थांबून बघू का, काहीतरी मार्ग निघेल.

"थांबा ना," ते म्हणाले. "आपलं डोकं थोडंच फुटलंय."

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी पत्र लिहून त्यांना दाखवलं. 'अनवधानाने सही केली' असं मी लिहिलं होतं. त्यांनी तो शब्द खोडला. "अनवधानानं नाही, आपण दयेनं केलीत. पण दयेचा रकाना नसतो. नुसतं 'केली' लिहा." त्या क्षणी त्यांचा मला मनापासून राग आला होता.

नोकरी गेली नाही. मेमो मिळाला, पक्कं होणं एका वर्षानं लांबलं, आणि खोकी ताडपत्रीखालून निघून दुसऱ्या जिल्ह्यात गेली. गावात निदर्शनं झाली. डॉक्टरबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एक दिवस पोर्टलवर त्या दवाखान्यासमोर 'नाही' असं उमटलं, तेव्हा साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "अभिनंदन. आपल्या दवाखान्यात आता मशीन नाही." तोपर्यंत त्यांची चेष्टा मला कळायला लागली होती. मी हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले.

त्यांच्या नोकरीचे तेव्हा सात महिने उरले होते. त्यांतले कितीतरी रविवार ते त्या गावी गेले. फाटकापासून सरळ रेषेत, एकही वळण नसलेली खोली त्यांनी आखून दिली, डॉक्टरबाईंची समजूत काढली, अर्ज तीनदा लिहवून घेतला. मी बरोबर जायची. वाटेत माझ्या चुकीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही; भिगवणला मासे चांगले मिळतात, एवढंच दर वेळी सांगायचे. मग ते निवृत्त झाले आणि ऑफिसात 'आपण' म्हणत चिमटा काढणारं कुणी राहिलं नाही.

खोली बांधून, मंजुरी मिळून मशीन यायला जवळजवळ तीन वर्षं लागली. बसवून झाल्यावर डॉक्टरबाईंनी माझ्यापुढे 'मशीन चालू आहे' असा कागद सहीसाठी ठेवला. मी म्हटलं, पहिला पेशंट होऊ दे. पहिल्या बाई ट्रॅक्टरवरून पडलेल्या होत्या, डोक्याला पंचा बांधलेला. मशीनच्या आत जाताना घाबरल्या, तेव्हा डॉक्टरबाई त्यांच्याशी बोलत राहिल्या. थोड्या वेळानं पडद्यावर चित्र आलं. रक्तस्राव नव्हता. बाई उठून बसल्या आणि सोलापूरला कधी निघायचं, असं विचारू लागल्या. जायचं नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग मी सही केली.

बाहेर येऊन मी खडकीला फोन लावला. साहेबांचा आवाज बारीक झाला होता. मधुमेहानं ते खंगत चालले होते. मी म्हटलं, साहेब, सही केली.

"चालू आहे?"

"चालू आहे."

"बाहेर रांग आहे?"

मी मागे वळून बघितलं. बाकावर, पायरीवर, झाडाखाली माणसं बसली होती. म्हटलं, बरीच आहे.

"मग मला कशाला फोन करत बसलात? त्यांच्याकडे बघा. ठेवा फोन."

मी ठेवला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. मला त्यांना सांगायचं होतं की त्या दिवशी पत्र लिहायला लावलंत म्हणून आज मी मान वर करून इथे उभी आहे. हे वाक्य मी येताना गाडीत जुळवून ठेवलं होतं. पण साहेबांनी ठेवा म्हटल्यावर न ठेवायची मला कधी सवयच नव्हती.